चोवीस नंबरच्या मागाचे पैसे: जोडीच्या ॲरेंवरचा फोल्ड आणि एका कारखान्याचा आठवड्याचा पगार

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला हा यंत्रमाग कारखाना. चादर आणि टॉवेल दोन्ही इथे होतात, पण हे प्रकरण चादर खात्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून मागांची संख्या, दर आणि नगांचे आकडे बदलले आहेत. घटनाक्रम आणि तांत्रिक बाजू जशी घडली तशीच ठेवली आहे.

चादर खात्यात २४ माग. एक कामगार शेजारशेजारचे दोन माग सांभाळतो. मजुरी नगावर ठरते: मागावर जे डिझाइन चढलं असेल त्याचा दर, गुणिले आठवड्यात त्या मागावरून उतरलेले नग. पगार दर आठवड्याला. पूर्वी हे सगळं वहीत होतं. नंतर कारखान्याच्या बिलिंगसाठी डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या व्यासपीठावरचं सॉफ्टवेअर आलं आणि त्यालाच जोडून एका तरुण प्रोग्रामरनं मजुरीचा हिशेब एफ शार्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिला. त्याची निवड चांगली होती. एफ शार्प डॉटनेटवरच चालते, जुन्या सॉफ्टवेअरशी सरळ बोलते, आणि हिशेबाचा प्रोग्राम पानभरात मावतो. पुढे तो पुण्याला नोकरीला गेला आणि कारखान्याचं काम आमच्या छोट्या चमूकडे आलं.

माहिती दोन फाइलींत होती. पहिली उत्पादनाची: माग नंबर, कामगार, आठवड्याचे नग. ही पाळीच्या चिठ्ठ्यांवरून ऑफिसातल्या ताई भरत. दुसरी दराची: माग नंबर आणि दर. ही जॉबरच्या, म्हणजे खात्यातले माग लावून देणाऱ्या मुकादमाच्या, सांगण्यावरून बदले, कारण कोणत्या मागावर कोणतं बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) आणि कोणतं डिझाइन आहे हे त्यालाच माहीत. दोन्ही फाइलींत मागांचा क्रम एकच, १ ते २४.

हिशेब कसा चालत होता

प्रोग्राम फोल्ड या पद्धतीनं हिशेब करी. फोल्डमध्ये एक सुरुवातीची किंमत घ्यायची, यादीतली एकेक गोष्ट उचलायची, आणि आत्तापर्यंतच्या जमेत ती मिसळून नवी जमा पुढे द्यायची. एका ॲरेवर, म्हणजे क्रमानं मांडलेल्या ठरावीक लांबीच्या यादीवर, हे सोपं असतं. इथे ॲरे दोन होते, नगांचा आणि दरांचा, आणि दोन्हींतली एकाच क्रमांकाची जोडी एकदम उचलायची होती. त्यासाठी एफ शार्पमध्ये फोल्ड२ हे फंक्शन तयारच आहे. त्याला द्यायचं फंक्शन तीन गोष्टी घेतं: जमा, पहिल्या ॲरेतला घटक, दुसऱ्या ॲरेतला घटक.

समजा चार माग आहेत. नग ४२, ३८, ४०, ४५ आणि दर २०, २०, २६, २२ रुपये. जमा शून्यापासून निघते आणि ८४०, १६००, २६४० अशी चढत ३६३० वर थांबते. प्रत्यक्षात जमेत नुसती बेरीज नव्हती, प्रत्येक कामगाराच्या नावापुढे साठत जाणारी रक्कम होती. एकाच कामगाराचे दोन माग असल्यानं दुसऱ्या मागाची रक्कम त्याच्याच नावावर चढे. पैशांसाठी डेसिमल प्रकार वापरला होता. तेही योग्यच, कारण फ्लोट या अपूर्णांकांच्या साध्या प्रकारात पैशांचे दशांश नेमके बसत नाहीत.

महत्त्वाचा तपशील एकच. फोल्ड२ ॲरे मॉड्यूलमधलं नव्हतं, सीक्वेन्स मॉड्यूलमधलं होतं. सीक्वेन्स म्हणजे एकेक घटक मागेल तसा देत जाणारी यादी. फाइल ओळीओळीनं वाचली, शीर्षकाची ओळ टाकली, मजकुराचे आकडे केले, अशी पाइपलाइन सीक्वेन्सवरच लिहिली जाते. शेवटी सीक्वेन्सचंच फोल्ड२ लावणं हाताला येईल तेच होतं. त्याच जागी कुणीही तसंच लिहिलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

काय बिघडलं

जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असते. संक्रांतीच्या आसपास नंदीध्वजांच्या मिरवणुका, मग गड्ड्याची जत्रा. त्या आठवड्यात शहरातल्या कारखान्यांत खाडे वाढतात, माग उभे राहतात. इथेही ९ नंबरचा माग आठवडाभर बंद होता. बीम संपलं होतं, नवं चढवायला माणूस नव्हता. उत्पादनाच्या फाइलीत ९ पुढे शून्य नग पडले. दराच्या फाइलीतून मात्र ती ओळ काढून टाकली गेली. मागावर डिझाइनच नाही, तर दर कसला? त्या जागी बसून विचार केला तर हे अगदी बरोबर वाटतं.

पगाराच्या दिवशी २३ आणि २४ नंबर चालवणारे कामगार ऑफिसात आले.

“अक्का, चोवीस नंबरचं कुठं गेलं? एकाच मागाचं आलंय.”

“यात्रेचा आठवडा ना मामा, नग कमी असतील.”

“कमी नाही. पंचेचाळीस नग आहेत माझे. चिठ्ठी बघा.”

चिठ्ठीवर ४५ होते. उत्पादनाच्या फाइलीतही ४५ होते. पगाराच्या यादीत मात्र त्या मागाचा पैसाच नव्हता. ताईंनी मालकांना विचारून ९९० रुपये हातानं दिले आणि आम्हाला फोन केला.

कारणाचा शोध

एफ शार्पमध्ये एकाच नावाची ही दोन फंक्शनं वेगवेगळी वागतात. ॲरेचं फोल्ड२ दोन्ही ॲरेंची लांबी आधी तपासतं आणि ती सारखी नसली तर आर्ग्युमेंट एक्सेप्शन, म्हणजे दिलेली माहिती चुकीची असल्याची त्रुटी, फेकून थांबतं. लिस्टचंही तसंच. सीक्वेन्सचं फोल्ड२ मात्र धाकटी बाजू संपली की थांबतं आणि थोरल्या बाजूचं उरलेलं न बोलता सोडून देतं. ही चूक नाही. सीक्वेन्स आळशी असतो, त्याची लांबी आधी कळेलच असं नाही आणि तो अनंतही असू शकतो, म्हणून मुद्दाम असं ठरवलेलं आहे. हॅस्केल या दुसऱ्या भाषेतलं झिप, म्हणजे दोन याद्या जोडीजोडीनं गुंफणारं फंक्शन, तेही धाकट्या यादीपाशी थांबतं. पायथॉनचं झिपसुद्धा, तिथे लांबी सक्तीनं तपासायची सोय २०२१ च्या ३.१० आवृत्तीत आली. उलट ओकॅमल या भाषेत लिस्टचं फोल्ड लेफ्ट टू लांबी जुळली नाही तर इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट देतं.

तर नग २४ आणि दर २३. चोवीसावा माग गळला, हे दिसलं. पण खरी गोष्ट त्याच्या आधी घडली होती आणि तिची तक्रार कुणीच केली नव्हती.

ओळ नवव्या जागेवरून गेली. म्हणजे तिथून पुढचे सगळे दर एकेक घर वर सरकले: १० नंबरला ११ चा दर, ११ ला १२ चा, असं २३ ला २४ चा. शेजारच्या मागांवर बहुधा एकच डिझाइन असतं, त्यामुळे बहुतेक ठिकाणी चुकीचा दरही बरोबरच निघाला. त्या आठवड्यात १० ते १४ वर २० रुपयांचा माल होता, १५ ते २० वर २६ चा, २१ ते २४ वर २२ चा. फरक पडला तो फक्त सीमेवर. १४ नंबरला २० ऐवजी २६ लागले. ४० नगांवर २४० रुपये जास्त गेले. २० नंबरला २६ ऐवजी २२ लागले. ३८ नगांवर १५२ रुपये कमी गेले. २४ चे ९९० गळले. एकूण यादी ९०२ रुपयांनी कमी. यात्रेच्या आठवड्यात एवढा फरक कुणाच्या नजरेत भरत नाही.

हे मी कागदावर मांडून दाखवत होतो तेव्हा जॉबर अण्णा शेजारी उभे होते. त्यांनी दोनच ओळी वाचल्या आणि म्हणाले, “फणीत एक घर चुकलं की पुढचा सगळा ताणा सरकतो. तसंच झालंय हे.” याहून नेमकं वर्णन मला अजून सापडलेलं नाही.

२० नंबरच्या कामगाराला १५२ रुपये कमी मिळाले आणि तो गप्प राहिला, हे मला सगळ्यात जास्त लागलं. नगावर मजुरी घेणारा माणूस आपले नग पक्के लक्षात ठेवतो, पण दर त्याला ऑफिसकडूनच कळतो. पगाराच्या चिठ्ठीवर फक्त रक्कम छापली जात होती. त्याला चूक पकडायला जागाच नव्हती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय मालकांचा: ओळ काढायचीच नाही, बंद मागापुढे शून्य दर लिहायचा. खर्च काहीच नाही. पण ती शिस्त माणसाच्या लक्षात राहण्यावर उभी, आणि माणूस बदलला की गेली.

दुसरा, धाकट्या बाजूला शेवटी शून्यं जोडून लांबी सारखी करायची. प्रोग्राम थांबत नाही एवढाच फायदा. ओळ मधून गेली असेल तर सरकलेलं सरकलेलंच राहतं आणि शेवटच्या माणसाला शून्य मिळतं. हा आम्ही लगेच सोडला.

तिसरा, सीक्वेन्सऐवजी ॲरेचं फोल्ड२ लावायचं. बदल दोन-तीन शब्दांचा. लांबी जुळली नाही की हिशेब थांबेल. चौथा, दोन समांतर ॲरे ही रचनाच मोडायची आणि दर माग नंबरवरून शोधायचा.

चर्चा खरी झाली ती तिसऱ्या आणि चौथ्यावर. माझा सहकारी तिसऱ्याच्या बाजूचा होता आणि त्याचं म्हणणं वजनदार होतं: चालू प्रोग्रामला कमीत कमी हात लावा, पगार आठवड्यावर आलाय, जी चूक झाली ती यानं पकडली जाते. मालकांना मात्र वेगळीच काळजी होती. पगाराच्या दिवशी संध्याकाळी पाचला प्रोग्राम थांबला आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, तर ताईंनी काय करायचं? दारात माणसं उभी असतात. चुकीचा पगार वाईट, पण न झालेला पगार त्या दिवसापुरता तरी त्याहून वाईट. हे त्यांचं म्हणणं मला पटलं.

निर्णय फिरवला जुन्या फाइलींनी. आम्ही मागच्या काही महिन्यांच्या फाइली घेऊन दोन्ही पद्धती चालवून पाहिल्या. दराच्या फाइलीची एक प्रत डिझाइनप्रमाणे लावलेली सापडली. एका डिझाइनचे दर एकदम बदलणं सोपं जावं म्हणून ताईंनी एक्सेलमध्ये तशी लावली होती, आणि पगाराआधी आठवणीनं पुन्हा मागक्रमानं केली होती. ती प्रत तशीच गेली असती तर? ओळी २४, माग २४. ॲरेच्या फोल्ड२नं काहीही न बोलता हिशेब केला असता आणि निम्म्या खात्याचे दर चुकले असते. लांबी जुळते की नाही एवढंच ते विचारतं. नवव्या जागेवरचे नग आणि नवव्या जागेवरचा दर एकाच मागाचे आहेत की नाही, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

इथे सहकाऱ्यानं एफ शार्पच्या मोजमापाच्या एककांचा विचार पुढे आणला. ही सोय खरोखर देखणी आहे. नगांना नग हे एकक, दराला रुपये भागिले नग. गुणाकार केला की कंपायलर (लिहिलेल्या कोडचा प्रोग्राम बांधणारं साधन) स्वतःच रुपये काढतो, आणि नगांतून रुपये वजा करायला गेलात तर प्रोग्राम बांधूच देत नाही. दोन ॲरे उलटसुलट दिले गेले तरी तिथेच अडतं. पण ९ नंबरचा दर आणि १० नंबरचा दर, दोघांचं एकक एकच. ही चूक एककांच्या चाळणीतून सरळ खाली जाते. आम्ही एककं ठेवली, पण या प्रश्नाचं उत्तर म्हणून नाही.

काय केलं

चौथा पर्याय घेतला. तो बसवताना आणखी चार खाचा लागल्या.

एक: एका मागाला आठवड्यात एकच दर असतो हे गृहीतच चुकीचं निघालं. बुधवारी डिझाइन बदललं तर पहिल्या तीन दिवसांचे नग एका दराचे, पुढचे दुसऱ्या. जुन्या पद्धतीत अशा वेळी ताई सरासरी काढून एकच दर घालत. पाळीच्या चिठ्ठीवर डिझाइन नंबर आधीपासून लिहिला जात होता, फक्त तो फाइलीत कुणी भरत नव्हतं. म्हणून किल्ली, म्हणजे ज्यावरून दर शोधायचा ती ओळख, नुसता माग नंबर न ठेवता माग आणि डिझाइन अशी जोडी ठेवली.

दोन: दरांचा मॅप, म्हणजे किल्ली दिली की किंमत देणारी यादी, बनवताना एकच किल्ली दोनदा आली तर एफ शार्पचा मॅप शेवटची किंमत ठेवतो आणि आधीची विसरतो, तीही गपचूप. एक गळती बुजवताना दुसरी उघडली असती. म्हणून मॅप करण्याआधी प्रत्येक किल्ली किती वेळा आली ते मोजून, दोनदा आलेल्या वेगळ्या काढल्या.

तीन: नगावरून दर शोधला तर दर नसलेले नग सापडतात, पण नग नसलेले दर सापडत नाहीत. एखाद्या मागाची उत्पादनाची ओळच राहून गेली तर त्या कामगाराचं पुन्हा तेच होणार. त्यामुळे किल्ल्यांचे दोन संच करून फरक दोन्ही बाजूंनी काढला.

चार: माग नंबर मजकूर म्हणून वाचला जात होता. मजकुराच्या क्रमवारीत १० हा २ च्या आधी येतो. वाचतानाच त्याचा पूर्णांक केला.

यानंतर नग आणि दर एकदाच, फाइल वाचताना, एकाच रेकॉर्डमध्ये आणले: माग, डिझाइन, कामगार, नग, दर. पुढे सगळीकडे या रेकॉर्डांचा एकच ॲरे जातो आणि त्यावर साधा फोल्ड चालतो. जमेतही बदल केला. आता ती दोन गोष्टी घेऊन पुढे जाते: कामगारांच्या रकमा आणि उणिवांची यादी. दर सापडला तर रक्कम वाढते, नाही सापडला तर उणीव वाढते. फोल्ड मधेच थांबत नाही. शेवटपर्यंत जातो आणि सगळ्या उणिवा एकदम हातात देतो. मालकांच्या काळजीचं उत्तर हेच होतं. पहिल्याच अडचणीला कोसळणारा प्रोग्राम माणसाला एकेक चूक दुरुस्त करायला लावून पुन्हा पुन्हा पळवतो. इथे ताईंना एका पानावर दिसतं की कुठं काय नाही. तेही मराठीत: “माग ९, डिझाइन नंबर मिळाला नाही, नग ०.”

शून्य नग आणि दर नाही, असा माग फक्त नोंद म्हणून दाखवायचा असं ठरलं. नग आहेत आणि दर नाही, तर अंतिम यादी छापलीच जात नाही. यावर थोडा वाद झाला. बाकीच्यांचा पगार छापून त्या एकाचा मागे ठेवावा का? मालक म्हणाले, मागे ठेवलेला माणूस नेहमी तोच असतो ज्याला भांडता येत नाही. मुद्दा तिथेच मिटला.

फोल्ड२ एका ठिकाणी आम्ही जाणूनबुजून ठेवलं, ॲरेचं. दिवसपाळी आणि रातपाळीचे मागवार नग शेजारी मांडून तुलना करायची असते, आणि हे दोन्ही ॲरे प्रोग्राम स्वतःच मागांच्या एकाच यादीवरून बनवतो. तिथे क्रम आणि लांबी एकाच उगमातून येतात, म्हणून तिथे ते शोभतं.

निष्पत्ती

२० नंबरचे १५२ रुपये पुढच्या पगारात, चिठ्ठीवर वेगळी ओळ घालून दिले. १४ नंबरला जास्त गेलेले २४० परत घ्यायचे नाहीत असं मालकांनी ठरवलं. जुन्या फाइलींत सरासरी दरामुळे झालेले किरकोळ फरकही निघाले. ज्यांना कमी गेले होते त्यांना ते दिले.

तपासणी आता पगाराच्या आदल्या दिवशी दुपारी होते. उणिवांचं पान अण्णांच्या हातात जातं, ते खात्यात फिरून मागावरचं डिझाइन बघून लिहून आणतात. पहिल्या काही आठवड्यांत पान भरलेलं असे, बहुतेक मधेच बदललेल्या डिझाइनचं. हळूहळू ते रिकामं यायला लागलं.

कामगारांच्या चिठ्ठीवर आता मागवार ओळी आहेत: माग, नग, दर, रक्कम. ही मागणी कुणी केली नव्हती. पण माझ्या मते सगळ्या बदलांत हा सर्वांत मोठा आहे, कारण दर आता ज्याच्या घामाचा आहे त्याच्या डोळ्यांसमोर असतो. दुसऱ्याच महिन्यात एका कामगारानं चुकीचा दर दाखवून दिला. फाइलीतच चुकीचा भरला होता, कोणताही प्रोग्राम तो पकडू शकला नसता.

वेगळं काय करता आलं असतं

फोनच्या दिवशीच ॲरेचं फोल्ड२ लावून ठेवायला हवं होतं. पूर्ण दुरुस्ती व्हायच्या आधी एक पगार जुन्याच प्रोग्रामवर, दोघांनी हातानं ताडून केला. तो बरोबर निघाला, पण दोन-तीन शब्दांच्या बदलानं तेवढे दिवस निदान लांबीची राखण झाली असती. कायमचा उपाय ठरत नाही तोवर तात्पुरता नाकारायचं कारण नव्हतं.

दोन फाइली वेगळ्या ठेवाव्यात की नाही, यावर आमच्यात अजून एकमत नाही. सहकाऱ्याला वाटतं की पाळीच्या चिठ्ठीवरच दर आला तर जोडायचा प्रश्नच उरत नाही. मला वाटतं, दर एकाच जागी राहावा आणि अण्णांच्याच सांगण्यानं बदलावा. चोवीस चिठ्ठ्यांवर तो चोवीसदा लिहिला तर चोवीसदा चुकेल.

आणि टॉवेल खातं. तिथे मजुरी किलोवर आहे, हिशेब वेगळ्या फाइलीत आहे, आणि उचल वजा करताना मजुरी आणि उचल हे दोन ॲरे अजूनही नुसत्या क्रमावर जुळवले जातात. तिथे गुणाकार नसून वजाबाकी आहे, म्हणजे एक घर सरकलं तर एकाची उचल दुसऱ्याच्या पगारातून कापली जाईल. कामगार नंबरवरून जोडणी करण्याचं ते काम पुढच्या महिन्यात हाती घ्यायचं आहे. तोवर तिथे ॲरेचं फोल्ड२ बसवलं आहे आणि उचलीची यादी दर आठवड्याला ताई नावानिशी वाचून घेतात.